चौदाव्या रांगेतली पहिली खुर्ची

त्या अरेनात, म्हणजे गावातल्या बंदिस्त स्टेडियमात, अठरा हजार खुर्च्या आहेत आणि त्यातल्या एकीवरही खुर्चीमास्तर कधी बसलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे तुम्ही त्याला नावं ठेवायला लागाल, तेव्हा एवढं मात्र लक्षात असू द्या.

खुर्चीमास्तर हे त्याचं कामावरचं नाव. घरी तो बारक्या, शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी बारक्याच. एकोणीस वर्षं तो त्या खुर्च्या दुरुस्त करत होता. फाटलेलं रेक्झिन, बसलेला फोम, निखळलेला हात, करकरणारी बिजागरी. सकाळी आठला मागच्या दाराने, म्हणजे सामान उतरवतात त्या दाराने, आत शिरायचं, सुपरवायझरकडून कामाची चिठ्ठी घ्यायची आणि ती खुर्ची शोधून तिच्यापुढे जमिनीवर बसायचं. पुढच्या रांगेच्या पाठीला आपली पाठ टेकायची, पाय दुमडून पोटाशी घ्यायचे, की झालं दुकान सुरू. दोन रांगांमधली ती फट एवढीशी, पण तो तिच्यात मांजरासारखा मावायचा. तोंड खुर्चीकडे, पाठ स्टेजकडे. वर पांढरे दिवे भकाभक पेटलेले आणि सगळीकडे शुकशुकाट.

खुर्चीवर बसायला मनाई होती. कामगारांच्या कपड्यांना तेल असतं, डिंक असतो, आणि ते डाग निघता निघत नाहीत. त्यामुळे दुरुस्ती जमली की नाही हे तो अंगठ्याने दाबून बघायचा. दाबला, सोडला, फोम झटकन वर आला की खुर्ची पास. ही खोड इतकी अंगात मुरली होती की कुणाच्या घरी गेला तरी आधी सोफा दाबायचा. बायको डोळे वटारायची. "अहो, बसा म्हणाले ते. तपासा नाही म्हणाले!"

आणखी एक खोड सांगतो, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. खुर्चीचे बोल्ट उघडायला एक वाकडी किल्ली लागते, तिला सगळे एल-की म्हणतात. ती हमखास कुठेतरी राहायची आणि मग एवढे जिने उतरून परत आणायला जायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. म्हणून त्याने प्रत्येक ब्लॉकमध्ये, बरोबर मधल्या म्हणजे चौदाव्या रांगेत, पहिल्या खुर्चीच्या खाली लोहचुंबकाने एकेक जादा किल्ली चिकटवून ठेवली होती. सुपरवायझरलाही पत्ता नव्हता.

आता एवढं सगळं असल्यावर घरच्यांनी त्याला अरेनाचा जाणकार ठरवला, यात त्यांचं काय चुकलं? कुणाला मॅच बघायची असो, जादूचे प्रयोग बघायचे असोत, लोक त्यालाच विचारायचे, "मास्तर, कुठून चांगलं दिसतं हो?" तो जरा विचार करायचा आणि म्हणायचा, "एकशेतीन नंबर ब्लॉकला फोम नवा आहे." लोकांना वाटायचं, मोठा मार्मिक माणूस आहे. त्याला खरोखर दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

हे सगळं खपून गेलं असतं. पण या वेळी प्रश्न अक्काचा होता.

अक्का त्याची थोरली बहीण, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, खालच्या मजल्यावर मुलीबरोबर राहायची. तीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात काजं केली. काजं म्हणजे शर्टाला बटणासाठी भोकं असतात ना, ती. दिवसाला हजार-हजार. मशीनशेजारी रेडिओ असायचा आणि रेडिओवर एका गायिकेचा आवाज लागला की अक्का मान वर करायची. बाकी कशाला करायची नाही. त्या गायिकेला ती 'माझी बाई' म्हणायची, जसं काही दोघींचं रोजचं येणं-जाणं होतं.

ही बाई पूर्वी एकदा गावात गायला आली होती. सव्वीस वर्षं झाली. अक्काने महिनाभर आधी तिकीट काढून डब्यात जपून ठेवलं होतं. नेमका त्याच दिवशी बारक्या गाद्या-खुर्च्यांच्या दुकानात पहिल्यांदा कामाला लागला आणि पिना मारायच्या बंदुकीने त्याने स्वतःच्या अंगठ्यात आरपार पिन मारून घेतली. अक्का नवीन साडी नेसून निघाली होती, ती तशीच दवाखान्यात आली आणि रात्रीपर्यंत त्याच्याजवळ बाकावर बसून राहिली. तिकिटाचं तिने पुन्हा नाव काढलं नाही. पण त्याच्या अंगठ्यावर पिनेचे दोन ठिपके अजून आहेत, आणि खुर्ची दाबताना ते रोज त्याच्या नजरेला पडतात.

आता बाईने जाहीर केलं की हा शेवटचा दौरा, यापुढे गाणं बंद. आणि दौऱ्यात आमचा अरेना होता.

"चल अक्का," बारक्या म्हणाला, "या वेळी मी नेतो तुला."

"मला कुठे नेतोस रे बाबा, या पायाला घेऊन?"

तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या जिन्यावरून अक्का घसरली, उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि तेव्हापासून तो पाय दांडक्यासारखा सरळ. चालायला काठी घेऊन चालायची, पण बसायची पंचाईत. पाय वाकत नाही म्हटल्यावर तो ठेवायचा कुठे? मध्यंतरी भाचीने तिला सिनेमाला नेलं. पुढच्या खुर्चीला पाय अडला, वीस मिनिटांत अक्का वेदनेने घामाघूम झाली आणि लोकांच्या पायांवरून अडखळत बाहेर आली. त्या दिवशी ती म्हणाली होती, "पुन्हा मला असल्या ठिकाणी नेऊ नका. चारचौघांत तमाशा होतो माझा."

"उजव्या हाताला मोकळी वाट पाहिजे," अक्का म्हणाली. "पाय बाहेर काढता आला तर येते. नाहीतर मी घरी रेडिओपाशीच बरी."

"एवढंच ना? ते माझ्यावर सोड," बारक्या म्हणाला. आणि अक्काने सोडलं. तिथेच घोळ झाला.

तिकिटं उघडायच्या दोन दिवस आधी त्याने जातीने जाऊन खुर्ची निवडली. ब्लॉक एकशेसात. तिथला फोम त्याने गेल्याच महिन्यात बदलला होता. चौदावी रांग, एका टोकाची पहिली खुर्ची. नेहमीसारखा तिच्यापुढे फटीत बसला. अंगठ्याने दाबली, उत्तम. हात हलवून बघितले, घट्ट. खाली चाचपलं, त्याची एल-की जागेवर होती. मग उजवा हात लांब केला, तर हात थेट मोकळ्या जिन्यात गेला. उजव्या हाताला वाट! त्याचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठीच्या मागे त्याने लिहून घेतलं, 'एकशेसात, चौदा, एक. अक्का. दोन. मी.'

रविवारी सकाळी दहाला तिकिटं उघडायची होती. साडेनऊपासून तिघं अक्काच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. मध्ये भाचीचा फोन, डब्याला टेकवून उभा केलेला. भाची दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा द्यायचं काम करायची, त्यामुळे असल्या गोष्टींत तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

दहा वाजले. फोनवर एक छोटासा माणूस चालायला लागला आणि त्याच्याखाली अक्षरं आली की तुमच्यापुढे एकेचाळीस हजार तीनशे बारा जण आहेत.

"कुठे आहेत?" बारक्याने विचारलं.

"रांगेत, मामा."

"कुठल्या रांगेत? आणि खुर्च्या तर अठरा हजारच आहेत. मग बाकीचे कशाला उभे राहिलेत? त्यांना कुणी सांगत का नाही?"

"त्यांना माहीत नाही ना, की ते शेवटचे आहेत."

"आणि मग आपण कशाला उभे आहोत?"

बारक्याला हे काही कळेना. चाळीस हजार माणसं उभी आहेत आणि कुणाचा आवाज नाही, धक्का नाही, कुणाची पाठसुद्धा दिसत नाही, ही कसली रांग? अक्का मघापासून चुळबुळत होती. तिने हळूच विचारलं, "मी जरा बाथरूमला जाऊन आले तर नंबर जाईल का गं?"

"आई, नंबर फोनचा आहे. तुझा नाही. जा तू."

अक्का काठी टेकत गेली आणि येईपर्यंत रांग भसाभस पुढे सरकली होती. बहुतेकांना कंटाळा आला असावा किंवा त्यांचे फोन बंद पडले असावेत, देव जाणे. एकाएकी फोन टिंग झाला आणि पडद्यावर एक मोठं अंडं उघडलं. अंड्यात रंगीबेरंगी ठिपके, मुंग्या लागल्यासारखे.

"हे काय आहे?"

"हा तुझा अरेना, मामा."

बारक्या वाकून बघत राहिला. एकोणीस वर्षं ज्या जागेत घाम गाळला, ती त्याला ओळखू येईना. त्याने ती कधी वरून बघितलीच नव्हती. त्याचा अरेना म्हणजे नाकासमोर एक खुर्ची. इथे खुर्च्या म्हणजे साबुदाण्याएवढे दाणे, आणि तेही डोळ्यांदेखत करडे होत चाललेले. प्रत्येक करडा ठिपका म्हणजे गेलेली खुर्ची. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, सात मिनिटं, सहा एकोणसाठ, सहा अठ्ठावन्न.

"एकशेसात! चौदावी! एक आणि दोन!" तो ओरडला.

भाचीने दोन बोटांनी अंडं फाकवलं. ब्लॉक मोठा झाला. "आहेत! एक आणि दोन, दोन्ही निळ्या." मग ती थबकली. "पण मामा, आईला उजवीकडे वाट पाहिजे ना? इथे एक नंबरला वाट डावीकडे दिसतेय."

"उजवीकडे आहे."

"डावीकडे आहे. हे बघ."

त्याने बघितलं. खरंच, पडद्यावर वाट डावीकडे होती. पण परवाच त्याचा उजवा हात त्या वाटेत गेला होता, स्वतःचा, खांद्याला जोडलेला हात! त्याच्या डोक्याचा भुगा झाला.

"नकाशा उलटा काढलाय त्यांनी," तो म्हणाला. "स्टेज वर दाखवलंय बघ. स्टेज कधी वर असतं का? स्टेज खाली असतं. फिरव तो फोन."

भाचीने फोन उलटा केला. फोन शहाणा, त्याने आपणहून चित्र पुन्हा सुलटं केलं. तिने परत फिरवला, चित्रही परत फिरलं. बारक्या खुर्चीवरून उठून टेबलाच्या पलीकडे गेला आणि तिकडून उलट्या बाजूने बघायला लागला.

"इथून बघ! आता उजवीकडे आली की नाही?"

"तिथून आली रे, पण आई तिथून बसणार आहे का?"

"मग कुठून बसणार आहे?"

हा प्रश्न फारच अवघड होता. अक्काने एकदा हा हात वर करून बघितला, एकदा तो. "मी आता स्टेज कुठे धरू? फ्रिजकडे की खिडकीकडे?" तिने विचारलं.

"मामा, या टोकाला बघ," भाची म्हणाली. "एकवीस आणि बावीस पण रिकाम्या आहेत. बावीसला वाट उजवीकडे दिसतेय. या घेऊ या का? दोन मिनिटं राहिलीत."

इथे बारक्याला राग आला. राग कसला, भीतीच ती, पण रागासारखी बाहेर पडली. "एकोणीस वर्षं मी तिथे जमीन झिजवतोय. त्या खुर्चीचा बोल्ट न् बोल्ट मला पाठ आहे. मी स्वतः हात लावून आलोय, माझ्या उजव्या हाताला वाट होती. तुझा फोन कधी गेलाय तिथे?"

भाचीने आईकडे बघितलं. अक्का म्हणाली, "त्याला माहीत असेल गं. त्याचं रोजचं काम आहे ते." भाचीने एक आणि दोन दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. बारक्याने टाळी वाजवली आणि मग दिवसभर कुणाच्याही नकळत आपला उजवा हात बाजूला काढून बघत राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी अक्काने इस्त्रीची साडी नेसली आणि काठीला नवीन रबरी बूच बसवलं. दोघं टॅक्सीने गेले. पुढच्या दारासमोर उतरले आणि तिथेच बारक्याची पहिली तारांबळ उडाली, कारण पुढचं दार त्याने कधी बघितलंच नव्हतं. एवढी काच, एवढे झगझगीत फलक, एवढी माणसं! तो सवयीने मागच्या बाजूला वळायला लागला.

"बारक्या, लोक तर इकडून जातायत."

"हो का? बरं, चल."

दारावर रक्षकाने त्याच्या खिशातून एल-की काढली. "काका, हे काय?"

"किल्ली आहे. रोज घेऊन येतो मी आत."

"रोज? रोज कार्यक्रम बघता?"

"कार्यक्रम एकही बघितला नाही हो अजून."

रक्षकाने त्याला नीट न्याहाळलं आणि किल्ली डब्यात टाकली. मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करत होते, म्हणून बारक्याने वाद घातला नाही.

आत गेल्यावर तर त्याची मतीच गुंग झाली. गोल बोळ, सगळीकडे जिने, जिथे तिथे वेगळे रंग. रोज तो मागून यायचा तेव्हा एकशेसात डाव्या हाताला लागायचा. म्हणून आताही तो डावीकडे निघाला. अर्धा फेरा झाला, अक्का धापा टाकायला लागली आणि समोर आकडा आला दोनशेबारा. शेवटी नारिंगी जाकीट घातलेल्या एका बाईने तिकीट बघितलं आणि म्हणाली, "आजी, उलटं आलात तुम्ही. चला, मी सोडते."

खुर्चीमास्तरला त्याच्या खुर्चीपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सोडावं! तो मान खाली घालून मागे चालत राहिला.

आणि मग ते आत शिरले. पांढरे दिवे नव्हते, निळा अंधार होता. त्याच्या रिकाम्या, गप्प खुर्च्या कुठेच दिसत नव्हत्या, जिकडे तिकडे डोकीच डोकी. चौदावी रांग आली. जाकीटवालीने टॉर्चने पहिली खुर्ची दाखवली. अक्का काठी सावरत, पाठ फिरवून, अलगद खाली बसली. बारक्या तिला धरायला तिच्यापुढे उभा होता, तिच्याकडे तोंड करून. त्याने उजव्या हाताला बघितलं. वाट होती. वा!

मग अक्का उजवा पाय बाहेर काढायला गेली आणि तो दोन नंबरच्या खुर्चीवर आपटला.

"अगं, तिकडे नाही, इकडे," बारक्या म्हणाला.

"इकडे डावा आहे रे."

बारक्या तिच्याकडे बघत उभा राहिला. मग हळूच वळला आणि स्टेजकडे तोंड केलं. वाट डाव्या हाताला आली. परत अक्काकडे वळला. वाट उजव्या हाताला. परत स्टेजकडे. मागची माणसं म्हणाली, "काका, बसा ना आता." बारक्याला ते ऐकूच आलं नाही. एकोणीस वर्षं तो खुर्चीच्या समोर बसला होता. खुर्चीत बसणाऱ्याची उजवी बाजू वेगळी असते, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "मी माती खाल्ली."

अक्काला कळलं होतं. ती तिरकी बसायचा प्रयत्न करत होती. मधला हात तिच्या मांडीत रुतत होता आणि टाच पुढच्या खुर्चीला अडली होती. तोंडाने मात्र म्हणाली, "असू दे रे. लहानपणी बूट उलटे घालून शाळेत जायचास. मी रोज दारात बसून सुलटे करायची. अजून तसाच आहेस." आणि हसली. पण कपाळावर घाम आला होता, तोच सिनेमातला घाम. बारक्याला रडू आलं, अगदी खरंखुरं. सव्वीस वर्षांपूर्वी आपण हिचा कार्यक्रम बुडवला आणि आज पुन्हा आपणच बुडवणार, दुसरं कोण?

तो धावत रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेला. बावीस नंबरवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, हातात काठी, पाय वाटेत सोडलेला. बारक्याने तोंड उघडलं आणि मिटलं. परत आला.

"काका, दिवे जातील आता," नारिंगी जाकीटवाली म्हणाली. "बसून घ्या."

"मी जिन्यात बसलो तर? म्हणजे माझी खुर्ची हिच्या पायाला मोकळी होईल."

"जिन्यात कुणालाच बसता येत नाही."

तेवढ्यात त्याला आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा हातालाच आठवलं. तो गुडघ्यांवर बसला आणि अक्काच्या खुर्चीखाली हात घातला. चुंबक होतं. किल्ली होती. दोन्ही खुर्च्यांच्या मधल्या हाताला खालून दोन बोल्ट असतात, हे त्याला अंधारातही दिसत होतं.

"काका, तुम्ही काय करताय?" तीन नंबरवरच्या मुलीने विचारलं. तिने गालांवर चमकी लावली होती.

"हे धर," बारक्या म्हणाला आणि तिच्या हातावर पहिला बोल्ट ठेवला. मग दुसरा. हात सुटा झाला, तो त्याने खुर्चीखाली सारला. आपल्या खुर्चीची बैठक वर दुमडली. आणि मग पुढच्या रांगेच्या पाठीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन, दोन नंबरच्या खुर्चीपुढच्या त्या फटीत तो खाली बसला. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्याने अक्काचा पाय उचलला आणि आपल्या मांडीवर आडवा, सरळ, ऐसपैस ठेवला.

जाकीटवालीने टॉर्च मारला. टॉर्चच्या उजेडात अक्का, तिचा पाय आणि फटीत दुमडलेला तो दिसला. "हे काय?" ती म्हणाली.

"जिन्यात नाही बसलो," बारक्या म्हणाला. "आणि हात परत लावून देतो मी. माझं कामच आहे ते. खुर्चीमास्तर म्हणतात मला इथे."

ती टॉर्च बंद करून वर निघून गेली.

दिवे गेले. अठरा हजार लोकांनी एकदम आवाज केला आणि बारक्याच्या पाठीमागे, खूप लांब, बाई गायला लागली.

त्याला स्टेज दिसत नव्हतं. त्याला अक्का दिसत होती. स्टेजवरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येऊन पडत होता, पिवळा, मग लाल, मग पांढरा. तिने काजं करताना मान वर करायची तशी मान वर केली होती आणि तिच्या ओठांना प्रत्येक शब्द आधीच ठाऊक होता. घाम वाळला होता. तिच्या मागे रांगांवर रांगा चेहरे होते, वरपर्यंत, आणि त्याने अंगठ्याने दाबलेल्या प्रत्येक खुर्चीत माणूस बसलेला होता. बारक्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या खुर्च्या भरलेल्या बघितल्या. हे असं दिसतं होय, त्याला वाटलं.

"अरे, मागे बघ की!" अक्का मध्येच वाकून ओरडली. "माझी बाई खाली आली! उजवीकडे, उजवीकडे!"

"कुणाच्या उजवीकडे, अक्का?"

अक्का त्याच्याकडे बघत राहिली आणि मग असं हसली की तीन नंबरच्या मुलीच्या हातातले बोल्ट खाली पडतापडता राहिले. "माझ्या!" ती म्हणाली. "तू आपला डावीकडे बघ!"

बारक्याने डाव्या खांद्यावरून मान वळवली. दोन डोक्यांच्या फटीतून एक बाई दिसली, अंगठ्याएवढी, पांढऱ्या कपड्यांतली. त्याने पुरतं बघून घेतलं. मग मान परत फिरवून अक्काकडे बघत बसला.

कार्यक्रम संपला, लोक उठले, पांढरे दिवे लागले आणि बारक्याला आपला अरेना पुन्हा ओळखू यायला लागला. मुलीने बोल्ट दिले. त्याने हात जागेवर बसवला, आवळला, हलवून बघितला. किल्ली परत खाली चिकटवली. मग सवयीने खुर्चीवर अंगठा टेकला. फोम अजून कोमट होता.

अक्का काठीवर रेलून जिन्यात उभी होती. "बस," ती म्हणाली.

"कुठे?"

"खुर्चीवर. दुसरं कुठे?"

"अगं, आम्हाला बसायला—"

"तिकीट आहे ना तुझ्याकडे? मग बस."

तो बसला. आधी कडेला, मग मागे सरकून, पाठ टेकून. दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवले. समोर स्टेज होतं, सरळ, मोठं. माणसं वायरी गुंडाळत होती. एकोणीस वर्षं ते त्याच्या पाठीमागे होतं.

"आता सांग," अक्का म्हणाली, "वाट कुठल्या हाताला?"

बारक्याने घाई केली नाही. डावा हात उचलला, हळूच बाहेर काढला, आणि तो अक्काच्या हाताला लागला.

"डाव्या," तो म्हणाला.

"शहाणा," अक्का म्हणाली. "चल आता, पाय दुखतोय माझा."